दीड बोट कमी

तिला 'पाऊण' हे नाव मी ठेवलं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही विचाराल आणि मी सवयीने दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवीन.

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ बायका जमायच्या. मुलांच्या इस्पितळातल्या खाटांवर घालायला क्रोशाची पांघरुणं विणायची, हे सत्कार्य. विणता विणता कुणाची सून माहेरी जाऊन किती दिवस झाले याची चौकशी करायची, ही करमणूक. आमची ही या मंडळाची मुख्य. मी मंडळातला एकुलता एक पुरुष. लोकरीच्या लडी गुडघ्यांत ताणून गुंडे करायचे आणि चहा टाकायचा, ही माझी कामं. पोस्टात पस्तीस वर्षं खिडकीमागे बसलेला माणूस मी, कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. गुंडा गुंडाळत कान उघडे ठेवायचे आणि मधूनच एखादी काडी टाकायची. बायका हसून हसून टाके चुकायच्या.

हल्लीच्या मुली ज्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, त्याला आमच्यात नुसता चौकोन म्हणत. मधे साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे झुपके, कोपऱ्यात साखळ्यांची फट, अशा सहा फेऱ्या घातल्या की वीतभर चौकोन होतो. असे पस्तीस जोडले की एका पोराचं पांघरूण. सगळ्यांचे चौकोन एका मापाचे यावेत म्हणून हिने बिस्किटांच्या डब्यात एक पुठ्ठा कापून ठेवला होता. चौकोन त्यावर ठेवायचा. बसला तर ठीक, नाहीतर बाई, उसवा.

तिला आमच्यात आणलं सिस्टरने. सिस्टर म्हणजे त्याच इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. तयार पांघरुणं तीच वॉर्डात पोचवायची. डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या दोघींची ओळख झाली आणि पुढच्या गुरुवारी ती साठीची बाई कापडी पिशवी छातीशी धरून आमच्या दारात उभी राहिली. बारीक अंगाची, एका खांद्यात किंचित कललेली. एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात वरचं चामडं शिवायच्या टेबलावर होती. लग्न केलं नाही. म्हातारी आई शेवटपर्यंत सांभाळली, आता विधवा वहिनीबरोबर पुलापलीकडे दोन खोल्यांत राहत होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला दोऱ्याने पाडलेली खाच होती, पेन्सिल ठेवावी एवढी.

तिची आणखी एक खोड माझ्या लक्षात आली होती. रस्त्याने ती लोकांच्या पायांकडे बघत चालायची. मी लगेच हिला सांगितलं, "तुमच्या नव्या मैत्रिणीचं काहीतरी हरवलंय बुवा."

हिने तिलाच विचारलं. ती लाजली.

"काही नाही हो ताई. एवढे बूट शिवले, पेट्या भरून कुठं कुठं जायचे. पण आपला बूट कुणाच्या पायात एकदासुद्धा दिसला नाही. शिवण बघितली की मला ओळखू येईल. म्हणून आपलं बघते."

ऐकायला गंमत वाटली. मी ती आठवडाभर चार घरी सांगितली.

क्रोशा तिला हिनेच शिकवला. दोन गुरुवारांत आला. तिसऱ्या गुरुवारी तिने पिशवीतून नऊ चौकोन काढून टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले आणि हिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. चौकोन सरळ होते, कोपरे टोकदार, लोकरीचं टोक असं ओवलेलं की शोधून सापडू नये. फक्त सगळे दीड बोट कमी आणि पुठ्ठ्यासारखे कडक. एक टाका सैल तर बूट परत, अशा शिस्तीत तयार झालेला हात तो. लोकर काय न् मेणाचा दोरा काय, तिला सारखंच. ओढायचं म्हणजे ओढायचं.

आमची ही तोंडाने फटकळ आहे, मला विचारा. पण त्या दिवशी म्हणाली, "छान झालेत गं."

झालं. एकदा छान म्हटलेलं परत कसं घेणार? ती गेल्यावर दोघी-तिघी ते उसवायला बसल्या, म्हणजे निदान लोकर वाया जायला नको. उसवेनात! टोक तीनदा मागेपुढे फिरवून असं बसवलेलं की कात्री लावल्याशिवाय सुटेना. दातांनी ओढून पाहिलं. शेवटी मी एक चौकोन हातात घेऊन उकळत्या चहाचं पातेलं त्यानेच उतरवलं. काही चटका नाही.

"अहो, ठेवा तो खाली," ही म्हणाली.

"का? सत्कार्यच चाललंय," मी म्हणालो. "पाऊण चौकोन आहे. पाऊणबाईंचा."

काय हशा पिकला! सिस्टरने डोळे पुसले. दर गुरुवारी तिचे पाच-सहा चौकोन येत आणि ती गेली की वाटले जात. एक कुकरखाली, एक कुंडीखाली. मंडळातल्या बेकरीवालीने ओव्हनचे ट्रे धरायला दोन नेले. एकीने टेबलाचा आखूड पाय चौकोनाची घडी घालून सरळ केला. जे उरत ते हिने कपाटात पिशवीत भरून ठेवले. तिच्यासमोर पुठ्ठा काढायचा नाही, असा नियम झाला. जिन्यावर तिची पावलं वाजली की आम्ही सगळे गप्प. मी पातेल्याजवळचा चौकोन बिस्किटांच्या डब्यामागे सरकवायचा. मला या कामगिरीचा अभिमान होता, बरं का. वर्षभरात एकदाही पकडला गेलो नव्हतो.

मग एका गुरुवारी ती म्हणाली, "सिस्टर, पुढच्या खेपेला मला पण न्याल का?"

"कुठं?"

"वॉर्डात. मी कुणाशी बोलणार नाही. लांबूनच बघीन. आपला चौकोन एखाद्या पोराच्या अंगावर दिसला की झालं, लगेच निघू." आणि बोटाच्या खाचेत लोकर घालत खाली बघून म्हणाली, "बूट तर काही दिसला नाही."

कुणी वर बघेना. सिस्टर म्हणाली, "हो, नेऊ की." दुसरं काय म्हणणार? वर्षभरात नऊ पांघरुणं गेली होती. तिचा एकही चौकोन त्यांत नव्हता.

ती गेल्यावर हिची झोपच उडाली. "आपण खोटारडी माणसं आहोत," असं ती मला रोज जेवताना सांगायची, जणू मी नाही म्हणत होतो. सोमवारी सकाळी सिस्टर वर आली. तयार पांघरूण टेबलावर पसरलं होतं. ही दूध आणायला खाली गेली होती आणि जाताना दार नुसतं लोटून गेली होती. चहा उकळत होता. मी रंगात आलो होतो.

"सोप्पं आहे," मी सांगत होतो. "यातल्या पाच-सहा चौकोनांची टोकं सोडवायची आणि ती ओवते तशी तीनदा फिरवून ओवायची. वॉर्डात लांबून दाखवायचे. हा बघ तुझा, तो बघ तुझा. खूश होईल. पाऊणला काय कळतंय!"

पातेलं उतू जायला आलं. मी हात लांब करून चौकोन उचलला, पातेलं धरलं आणि वळलो. ती दारात उभी होती.

छातीशी पिशवी. सोमवारी ती कधी येत नसे. नंतर कळलं, वॉर्डात जायचं म्हणून हिरव्या लोकरीचे नवे चौकोन दाखवायला आली होती.

"पाऊण कोण?" तिने विचारलं.

मी सवयीने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. पातेल्यातून वाफ येत होती आणि ते धरून मी तसाच उभा होतो.

ती आत आली. म्हणाली, "भाऊजी, पातेलं खाली ठेवा आधी. सांडेल." मी ठेवलं. तिने माझ्या हातातून चौकोन घेतला. पिवळा होता तो, मधे पांढरं कडं. एका कोपऱ्याला जाळ लागून काळा झालेला, चहाचे डाग पडलेले. तिने उलटा करून टोक कुठं ओवलंय ते अंगठ्याने चाचपलं. मग टेबलावरच्या पांघरुणातल्या एका चौकोनावर ठेवून पाहिला.

तेवढ्यात ही दुधाची पिशवी घेऊन दारात. एका नजरेत हिला सगळं कळलं. ही रडायलाच लागली. "अगं, मी तुला सांगणार होते, पण कसं सांगू..."

"दीड बोट कमी आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एवढंच ना?"

"हात घट्ट आहे गं तुझा."

"मग एक फेरी जास्त घातली असती, ताई. सहाच्या सात. नाहीतर सुई एक नंबर जाड घेतली असती." ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आम्ही चेष्टा करतोय की काय अशी. "एवढंच होतं?"

एवढंच होतं. आठ बायकांचा मिळून कितीतरी वर्षांचा क्रोशा, आणि एक फेरी वाढवायची हे वर्षभर एकीलाही सुचलं नाही. सुचणार कसं? मी सुचू दिलं तर ना! दर गुरुवारी मी नवा विनोद घेऊन तयार. तो चौकोन बरोबर झाला असता तर माझी अर्धी करमणूक बंद पडली असती.

"कारखान्यात चेकर होता आमचा," ती म्हणाली. "खराब बूट सगळ्यांसमोर टेबलावर आपटायचा. आईवरून बोलायचा. पण दाखवायचा, कुठं चुकलं ते." मग हिच्याकडे वळून, "माझे जेवढे राहिले असतील तेवढे परत द्या मला."

हिने कपाटातली पिशवी काढून दिली. ती घेऊन ती जिना उतरून गेली. जळका चौकोनही तिने नेला.

बाकीचे गोळा करायला हिने मला पाठवलं. "वाटले तुम्ही, आणा तुम्हीच." ज्या घरांत मी किस्से पोचवायचो त्याच घरांत 'तो चौकोन द्या' म्हणत हिंडलो. बेकरीवालीने ट्रेखालून काढून दिले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जणू ट्रे धरायला मी तिच्यावर जबरदस्ती केली होती! आखूड पायाचं टेबल मीच उचलून धरलं आणि खालची घडी ओढून काढली. एकीच्या घरी चौकोनाला बुटाचं काळं पॉलिश लागलेलं होतं. तो मी मागितला, पण परत पाठवायचा धीर झाला नाही. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाकीचे हिने धुऊन सिस्टरच्या हाती पाठवले.

तीन गुरुवार ती आली नाही. आम्ही विणत होतो, पण खोलीत सुयांचाच आवाज. मी एकदा वरच्या मजल्यावरच्या भांडणाचा विषय काढून पाहिला. कुणी हूं की चूं केलं नाही.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी ती आली. पिशवीतून पांघरूण काढून टेबलावर पसरलं. पस्तीस चौकोन, प्रत्येकाला राखाडी लोकरीची सातवी फेरी, स्वतःच जोडलेले. हिने डब्यातून पुठ्ठा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने एक चौकोन मोजला. बसला. दुसरा मोजला नाही.

"अगं, किती सुंदर," ही म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"बघू वॉर्डात," ती म्हणाली.

सिस्टर, ही आणि ती अशा तिघी निघाल्या. मीही टोपी घातली, बूट चढवले. आयुष्यात एवढी कुठं जायची घाई मला झाली नव्हती. ती दारात थांबली.

"भाऊजी नकोत."

मी टोपी काढली. ती पिशवीत हात घालून पुन्हा वळली आणि मला तो पिवळा चौकोन दिला. धुतलेला, पण जळका कोपरा तसाच. त्यालाही सातवी फेरी घातलेली.

"पोरांच्या अंगावर घालण्यासारखा नव्हता," ती म्हणाली. "तुम्हाला लहान पडत असेल. आता हात भाजायचा नाही."

टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात मी कधी मार खाल्लेला नाही. पण ती खरंच सांगत होती. धरायची वस्तू धरण्याजोगी करून दिली होती, बस्स.

दुपारी दोनपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. मग जिन्यावर तिघींचे आवाज आले. हसत होत्या. त्यांत एक हसणं अनोळखी होतं, जाडसर, अडखळत येणारं. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं. कुठल्या पोराला दिलं, पोर काय म्हणालं, तिने काय केलं, सगळं त्या हसण्यात होतं. मी धावत जाऊन दार उघडलं.

तिघी गप्प झाल्या.

"चहा टाका," ही म्हणाली. तिघी बाहेरच्या खोलीत बसल्या. मी आत गेलो. पातेलं ठेवलं आणि दाराकडे कान लावून उभा राहिलो. पाण्याच्या आवाजात एवढंच कळलं की कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगतंय आणि मधेच हसतंय. मी शेगडी बंद केली. बाहेरचं बोलणंही थांबलं.

नंतर रात्री जेवताना हिला विचारलं, दुसऱ्या दिवशी सिस्टरला विचारलं. "काही नाही हो," दोघी म्हणाल्या. आजपर्यंत मला ठाऊक नाही. या गोष्टीत तेवढं सोडून बाकी सगळं मी तुम्हाला सांगितलंय.

पिवळा चौकोन शेगडीजवळच्या खिळ्यावर आहे. पातेलं मी सदऱ्याच्या टोकाने उतरवतो. चटके बसतात.