उद्याच्या गावाची पंगत

कुठल्याही लग्नात आम्ही जुने ग्रामसेवक एकत्र सापडलो की सहभोजनाचे किस्से निघतात. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला तीन आठवतात. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसतो, पण घरी आल्यावर स्वतःचाच राग येतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं आणि आमचा विकास ब्लॉक जंगलाला लागून होता. ब्लॉकचे साहेब तरुण, मनानं चांगले. त्यांनी ठरवलं, महिन्यातून एकदा दुपारी अख्ख्या गावानं एका पंगतीत जेवायचं आणि उठण्याआधी प्रत्येकानं सांगायचं की दहा वर्षांनी आपलं गाव कसं असावं. ते मी रजिस्टरात लिहून घ्यायचं. एक अन्न पोटात गेलं की एक विचार डोक्यात येतो, असं साहेब म्हणत. आम्ही माना डोलवायचो.

*

पहिली पंगत धानाच्या एका गावात बसली. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार जागेवरच होते. तांदूळ, तुरीची डाळ, वांगी सगळं त्यांनीच दिलं. नाल्यापलीकडच्या टोल्यालाही, म्हणजे वेगळ्या वस्तीलाही, आवतण गेलं. टोल्यातली माणसं कोण ते विचारू नका. गावच्या विहिरीवर त्यांच्या घागरीला जागा नव्हती, एवढं सांगितलं की कळतं.

मालगुजार पंगतीच्या टोकाला रिकाम्या पत्रावळीवर हात ठेवून बसले. म्हणाले, आज उपास आहे. पुढच्या महिन्यात उपास, त्याच्या पुढच्याही महिन्यात उपास! साहेबांनी मोठ्या आदरानं विचारलं, भाऊ, आपला उपास असतो तरी कोणत्या वारी?

"तुमी ज्या वारी येता ना साहेब, त्याच वारी."

साहेबांना हा योगायोगच वाटला.

*

अहवालात जेवणाऱ्यांचा आकडा द्यावा लागे, म्हणून उष्ट्या पत्रावळी मोजायच्या. एकदा आकडा इतका चांगला निघाला की साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझा जोडीदार देवाजी मात्र त्या पत्रावळी उलटसुलट करून बघत बसला होता. तो इथलाच, त्याला गाव ठाऊक. हळूच मला म्हणाला, "वरन तं सगळ्याइले लावलं हाये भाऊ, पन अर्ध्या पानाइवर भाताचं शीत नाई."

अर्धं गाव घरून जेवून आलं होतं आणि पत्रावळी नुसत्या माखल्या होत्या. साहेबांना सांगू या, असं देवाजी म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. आकडा वर जिल्ह्याला गेला.

*

जेवण झाल्यावर लोक सांगत, रेल्वे पाहिजे, दवाखाना पाहिजे. साहेबांना काय आवडतं ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. टोल्यातली चिंधाबाई मात्र दर वेळी एकच सांगायची. आमच्या टोल्यात विहीर पाहिजे. टोल्यातली माणसं नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पीत, आणि त्या पाण्यानं घरोघरी नारूचा जंत. तिच्या सुनेच्या पायातून तेव्हाच तो बाहेर निघत होता. साहेबांनी तिथल्या तिथं शब्द दिला.

पुढच्या पंगतीला साहेबांनी चांद्याहून पेंटरकडून मोठं चित्र काढून आणलं, 'उद्याचं गाव'. सरळ रस्ता, दिवे, शाळा, मधोमध विहीर. चिंधाबाई चित्राजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, यात आमचा टोला कुठं आहे? साहेब आनंदानं म्हणाले की उद्याच्या गावात टोला वेगळा नसेल, सगळं एकच गाव असेल.

"मंग आमी कुठी राहू जी?"

साहेबांनी चित्र गुंडाळून जीपमध्ये ठेवलं.

*

एकदा साहेबांनी हट्टच धरला की या खेपेला स्वयंपाक टोला करील. बायका पहाटेपासून राबल्या. हंडाभर भात, भाजी, अंबाडीचं वरण. दुपारी निरोप आला, गावाला सुतक पडलंय. कोण गेलं, विचारलं तर निरोप आणणाऱ्याला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ठरवून कळवतील, असं देवाजी म्हणाला.

मग टोल्यातली माणसं, आम्ही दोघं आणि साहेब जेवलो. चिंधाबाईनं झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. साहेबांनी बॅगेतून थर्मास काढला. मी तहान नाही म्हणालो. तांब्या तिनं स्वतः पिऊन संपवला.

*

विहीर मंजूर झाली. मालगुजारांनी पाणाड्या बोलावला. तो टोलाभर फिरला, खाली खडक आहे म्हणाला, आणि मालगुजारांच्या अंगणाला लागून असलेल्या आमराईत त्याला पाणी सापडलं. विहिरीवर पाटी लागली, 'सर्वांसाठी खुली'. चिंधाबाईची सून लंगडत पहिली घागर घेऊन गेली. घागरीची खापरं घेऊन परत आली. मालगुजार म्हणाले, पोरगी पाय घसरून पडली. मीही तेच लिहिलं.

*

महिनाभरानं नव्या विहिरीजवळ मोठी पंगत झाली. टोल्यालाही आणून बसवलं होतं. साहेबांनी भाषणात सांगितलं की आता शुद्ध पाणी आलं आहे, तेव्हा नारूचं घर असलेला नाल्यातला झिरा येत्या सोमवारी दगडमातीनं बुजवून टाकू. टाळ्या पडल्या.

मग साहेब मुद्दाम चिंधाबाईसमोर जाऊन बसले. म्हणाले, बाई, तुमची विहीर झाली. आता पुढं काय पाहिजे ते सांगा. मी रजिस्टर उघडलं. माझ्या शेजारच्या पानावरचे मालगुजार वाकून वांग्याची फोड निवडत होते. त्या दिवशी त्यांना उपास नव्हता.

चिंधाबाईनं हातातला घास पानावर ठेवला.

"येवढंच करा जी साहेब. झिरा बुजवू नोका."

साहेब मोकळेपणानं हसले. या लोकांना सवय सोडवत नाही, असं मला इंग्रजीत म्हणाले. मग मराठीत म्हणाले, "लिहा. पुढची मागणी, काही नाही."

मी लिहिलं.