भाचीला हात न लावलेले दिवस

पाटोद्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि तालुक्याच्या गावात दुकानदाराला खासगी आजार परवडत नाही. साधा खोकला आला तरी चार गिऱ्हाइकं चार काढे सांगतात. त्यात माझा घटस्फोट झालेला, त्यामुळे माझ्या तब्येतीवर लोकांची जरा जास्तच नजर. एकटा माणूस वाळला तरी चर्चा आणि सुटला तरी चर्चा.

त्या वर्षी थंडी सरता सरता ठिबकच्या एका कंपनीनं आम्हा विक्रेत्यांना शिबिरासाठी नाशिकला बोलावलं होतं. तिथं एक बाई भेटली. खानदेशातली, माझ्याच वयाची, नवऱ्यापासून वेगळी होऊन स्वतःचं दुकान चालवणारी. जेवताना शेजारी बसलो आणि उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांना शिव्या देता देता इतके हसलो, की बाकीचे वळून बघायला लागले. ती रात्र आम्ही एकत्र काढली. मी काही वचन दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. सकाळी हॉटेलच्या खाली उभ्यानं चहा घेतला आणि आपापल्या गाडीला लागलो. खरं सांगायचं तर मला लाज वगैरे काही वाटत नव्हती. बऱ्याच दिवसांनी मी आनंदात होतो.

घरी आलो तर बहीण बाळंत होऊन माहेरी आलेली. माझ्यापेक्षा धाकटी. तिला ही दुसरी मुलगी. पहिल्या मुलीला सासरी आजीजवळ ठेवून आली होती. माय म्हणजे आमची आई, तिच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. शेक-शेगडी, धुरी, मालिश आणि लाडू. बाळंतिणीच्या लाडवात गोडंबी लागतेच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बाजारात ती फोडून, सोलून मिळते, पण विकतच्या गोडंबीवर मायचा विश्वास नाही. तिनं आठवडी बाजारातून बिब्बे आणले आणि माझ्यापुढं ओतले.

"हाताला राख लाव अन् फोड. तेल लागू देऊ नको, उततंय."

मी परसात बसून दगडावर बिब्बे फोडले. मधेच दुकानातून फोन येत होते. उठत होतो, बोलत होतो, इकडं तिकडं जाऊन येत होतो, पुन्हा फोडायला बसत होतो. काम झाल्यावर मायनं दिलेला पहिला लाडू मीच खाल्ला.

दोन-तीन दिवसांनी आंघोळ करताना नको त्या जागी आग व्हायला लागली. नीट बघितलं तर पाण्यानं भरलेले बारीक फोड, एकमेकांना चिकटून. मांडीवरही एक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझ्या मनात त्या क्षणी फक्त नाशिक आलं. दुकानात जाऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि मोबाईलवर शोधलं. हर्पिस. पहिला फोटो बघितला आणि मोबाईल उलटा ठेवला. मग सरळ करून पुन्हा बघितला.

आजार जिवावरचा नाही, येतो-जातो, औषधं आहेत, असं लिहिलं होतं. तेवढ्यावर मी कदाचित सावरलोही असतो. पण खाली एक ओळ होती. नवजात बाळाला याची लागण झाली तर बाळ दगावू शकतं. ती ओळ मी किती वेळा वाचली ते आठवत नाही. आमच्या घरात एक नवजात बाळ होतं, तेही ज्या खोलीत मी लहानपणापासून झोपत होतो त्याच खोलीत.

त्या दिवसापासून मी भाचीच्या जवळ गेलो नाही. माझं ताट वेगळं केलं, टॉवेल दुकानात नेऊन वाळत घातला, माल येणार आहे अशी थाप मारून झोपायलाही दुकानात जायला लागलो. घरी गेलो की उंबऱ्यातूनच चौकशी. बहीण सुरुवातीला दुपट्यातलं गाठोडं पुढं करायची. "घे ना दादा." मी मागं सरकायचो. खताचा वास आहे अंगाला, आत्ताच उन्हातून आलोय, सर्दी झालीय. कारणं संपत आली तेव्हा तिनंच पुढं करणं बंद केलं. मला तेवढंच बरं वाटलं, कारण नाही म्हणताना तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

माय मात्र सोडणारी नव्हती.

"आरं, कावून उचलंना तू लेकराला?"

"सर्दी हाय मला."

"कुठं हाय सर्दी? नाक तर कोरडं ठाक दिसतंय."

रक्त तपासून घ्यावं असं ठरवलं. पाटोद्यातला लॅबवाला माझं गिऱ्हाईक, तिथं जाणं म्हणजे दवंडी पिटणं. म्हणून मोटारसायकल काढली आणि आष्टी गाठली. तोंडाला रुमाल बांधून एका लॅबमध्ये शिरलो, तर बाकावर माझ्या चुलत बहिणीचे सासरे बसलेले. रुमालातून माणूस ओळखण्याची त्यांची ताकद मला माहीत नव्हती.

"पाव्हणं! तुमी हितं कावून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साखर तपासायला."

"या वयात? लई काळजी घ्या बरं!" असं म्हणत त्यांनी सरकून मला शेजारी जागा दिली. आता उठून जाणं शक्य नव्हतं. मी मुकाट्यानं साखरेसाठी रक्त दिलं. साखर उत्तम निघाली. पण संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, आणि मायनं माझ्या हातात बिनसाखरेचा चहा ठेवला.

"अशानं खंगतंय का काय पोरगं," ती बहिणीला म्हणाली. बहीण भिंतीकडं तोंड करून बाळाला पाजत होती.

शेवटी मी नाशिकला भेटलेल्या त्या बाईला फोन केला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, फोन आपटेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हे बघ, मला कधी तिथं फोड आले नाहीत. ओठावर मात्र ताप मुततो अधूनमधून, म्हणजे बारीक फोड येतात. त्याचा काही संबंध असेल तर डॉक्टरांना सांग. मीही दाखवून येते. आणि तू आधी त्वचेच्या डॉक्टरकडं जा, मोबाईलकडं नको." तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिच्याविषयी फार बरं वाटलं आणि स्वतःची चीड आली, की ही गोष्ट सुचायला एवढे दिवस का गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडला गेलो. बोर्डावर फक्त आडनाव होतं, म्हणून आत शिरेपर्यंत कळलं नाही की डॉक्टर बाई आहेत. साठीच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात अडकवलेला. परत फिरावं असं वाटलं, पण तोवर मी खुर्चीत बसलो होतो. खाली बघत मी नाशिकपासून सगळं सांगितलं. निरोध वापरला होता का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणालो. धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, असं म्हणून त्यांनी पडद्यामागं तपासलं. मग एकदम म्हणाल्या, "हात दाखवा."

मला वाटलं नाडी बघायची असेल. त्यांनी माझी बोटं दिव्याखाली धरली, उलटीसुलटी केली. बोटांच्या बेचक्यांत काळे डाग होते, मनगटाच्या आतून एक काळपट ओघळ गेला होता, त्याच्या कडेला तसलेच दोन फोड.

"घरात कोणी बाळंतीण आहे का?"

मी चपापलो. बाळाचं तर अजून मी काही बोललोच नव्हतो.

"बहीण आहे."

"आणि लाडवांसाठी बिब्बे कोणी फोडले?"

"मी."

"मधे लघवीला उठला होता?"

मी हळूच मान डोलावली. त्यांना उत्तर मिळालं होतं.

"बिब्बा उतलाय तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "तेलाचे हात लागले तिथं फोड आलेत. दरवर्षी दोघं-तिघं येतात असे. बहुतेक नवे बाप नाहीतर मामे. काम काय करता तुम्ही?"

"कृषी सेवा केंद्र आहे."

"म्हणजे फवारणीची औषधं विकता. मग गिऱ्हाइकांना काय सांगता?"

"हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही," मी म्हणालो, आणि मला माझंच हसू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याही हसल्या. मला इतकं हलकं वाटलं, की त्या अनोळखी बाईंच्या पायाच पडावं.

पण त्यांनी मला एवढ्यावर सोडलं नाही. खात्री हवी म्हणून ओल्या फोडातलं पाणी काडीवर घेऊन तपासायला पाठवलं. हर्पिस ओळखायला हीच तपासणी खरी, फोड ताजा असतानाची, असं त्या म्हणाल्या. रक्तात आत्ताच काही कळणार नाही, हवं तर तीन महिन्यांनी करा, आणि संबंध आलाच आहे तर बाकीच्या आजारांच्याही तपासण्या वेळेवर करून घ्या. सांगतो आताच, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. फोडाचा रिपोर्ट काही दिवसांनी चांगला आला, आणि पुढच्या सगळ्या तपासण्याही.

उठता उठता मी बाळाचं विचारलं. एवढे दिवस तिला शिवलोसुद्धा नाही, हेही सांगितलं.

"हर्पिस असता ना, तरी हात स्वच्छ धुऊन, कपडे घालून तुम्ही तिला घेऊ शकला असता," डॉक्टर म्हणाल्या. "फोडाचा स्पर्श बाळाला होऊ द्यायचा नाही, एवढंच. आणि त्या बाईंच्या ओठावर ताप मुततो म्हणता ना, तोही त्याच जातीचा. निम्म्या घरांत असतो. ओठावर फोड घेऊन बाळाचे मुके घेणारी आजी, आत्या, शेजारीण, त्यांना आधी अडवा. ते सोडून बसलात आपले दुकानात झोपत."

बाहेर येऊन मी रसवंतीवर उसाचा रस प्यालो, साखरेच्या रुग्णानं प्यावा तसा, मिटक्या मारत. खानदेशात फोन लावला. बिब्ब्याचं ऐकून ती इतकी हसली, की तिच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारत असल्याचं मला इकडं ऐकू आलं. तिनंही सकाळीच डॉक्टरांना दाखवून घेतलं होतं, काळजीचं काही नव्हतं. "आता एवढं भोगलंस तर लाडू पाठव," ती म्हणाली.

परतताना मांजरसुंब्याचा घाट चढताना मी मोठ्यानं गाणं म्हणत होतो. म्हणजे ओरडतच होतो.

घरी आलो, हात कोपरापर्यंत साबणानं घासले, धुतलेला सदरा घातला आणि सरळ आतल्या खोलीत गेलो. माय शेजारी गेली होती. बहीण बाजेवर बसली होती, बाळ तिच्या मांडीवर.

"दे इकडं," मी म्हणालो.

तिनं बाळाला छातीशी घेतलं. दिलं नाही.

"राहू दे. मायनं पढवून धाडलं आसंल."

"मायचा काय संबंध?"

"तू तरी तसला न्हाईस असं वाटलतं मला." तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "सासू पाहायला आली न्हाई. ह्यांचा फोन येतो, पर येतो म्हणत न्हाईत. म्हणलं, जाऊ दे, मामा तर हाय. अन् तू उंबऱ्यातून बगून जातूस. दुसरी बी पोरगीच झाली, त्यात हिचा काय गुन्हा हाय रं दादा?"

मला काही क्षण समजलंच नाही ती काय म्हणतेय. मग समजलं, आणि मी जमिनीवर बसलो. मी जिला जपत होतो तिच्या आईला वाटत होतं, की पोरगी म्हणून मी तिला नाकारतोय. एवढे दिवस भिंतीकडं तोंड करून ती हाच विचार करत होती.

आता थापा मारण्यात अर्थ नव्हता. धाकट्या बहिणीला सांगायच्या गोष्टी नव्हेत त्या, पण सांगितल्या. नाशिक, फोड, मोबाईलवरची ती ओळ, आष्टीतले पाव्हणे, बीडच्या डॉक्टर, सगळं. जमिनीकडं बघतच सांगितलं. बिब्ब्यापाशी आलो तेव्हा वरून आवाज आला म्हणून मान वर केली. ती पोट धरून हसत होती.

"हसवू नको रं, टाके दुकतेत," असं म्हणत ती हसत राहिली आणि हसता हसता रडायला लागली. रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, वाकली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा भाची खूपच हलकी होती, आणि ऊन. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं न बघितलं आणि पुन्हा मिटले.

बहिणीनं उशाखालचा मोबाईल काढून नवऱ्याला लावला. पलीकडून आवाज आला तसा तिनं घसा साफ केला.

"अहो," ती म्हणाली, "मामानं घेतली बरं का तिला. बाप कवा घेणार?"

मग मला दाजींचा आवाज ऐकू आला. थोरलीला घेऊन उद्या येतो म्हणत होते.