अण्णांचा नमस्कार

मी बर्लिनमध्ये कायद्याच्या इतिहासावर पीएचडी केली. माझा विषय होता अमेरिकेतलं एक लॉ स्कूल, काळ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं. ते कुणाच्या दयेपोटी निघालं नव्हतं. गोऱ्यांच्या विद्यापीठाने एका काळ्या तरुणाला प्रवेश नाकारला, तो कोर्टात गेला, आणि त्याला आत घ्यायची पाळी येऊ नये म्हणून सरकारने घाईघाईने वेगळी शाळा थाटली. दोन-चार खोल्या, मोजके शिक्षक. पुढे त्याच खोल्यांतून शिकलेले वकील काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांविरुद्ध लढले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, ही गोष्ट फार आवडायची. ते तालुक्याच्या कोर्टात वकिली करत. आमच्या दलित वस्तीतले ते पहिले वकील. दर रविवारी फोनवर "जयभीम, बाई" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "तुझी शाळा कुठवर आली?"

आई गेल्यावर ते दोन महिने माझ्याकडे राहायला आले. इथल्या मराठी मंडळींत मी कोण, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुठेही खपणारं. मी ते खपवलं होतं. अण्णा मात्र भेटेल त्याला जयभीम करणारे. एका रविवारी तीन कुटुंबं दुपारी जेवायला यायची होती. मी वांगी भरत होते, अण्णा कोशिंबिरीसाठी काकडी चोचवत होते.

"अण्णा, आज सगळ्यांना नुसतं नमस्कार म्हणाल का?"

त्यांचा हात थांबला. "का गं?"

"त्यांना माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा काकडी चोचवू लागले. कोर्टात आयुष्यभर उलटतपासणी घेतलेला माणूस, पण मला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

पाहुणे आले तेव्हा अण्णांनी दारात उभं राहून प्रत्येकाला हात जोडून नमस्कार केला. "हालो" म्हणून आत पळालेल्या सात वर्षांच्या मुलीलासुद्धा. जेवताना एक गृहस्थ बोलण्यात जर्मन घोळवत मला म्हणाले, "आल्झो, विषय भारी निवडलास हं. काय एकेक अन्याय केलेत त्या लोकांवर!"

"गेनाऊ, अगदी खरं," मी म्हणाले आणि त्यांना वांगं वाढलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अण्णा खाली मान घालून जेवत होते.

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते, ते पुसून ठेवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बाई, त्या पोरांना आपल्या शाळेचं नाव सांगायची लाज वाटायची का गं?"

"छे! उलट सहीखाली मोठ्या तोऱ्यात शाळेचं नाव लिहायचे. मी पत्रं वाचलीत ना त्यांची."

"शहाणी पोरं," अण्णा म्हणाले. मला वाटलं, ते माझ्या प्रबंधाबद्दलच बोलतायत. एवढी शिकलेली मी, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही.

ते गावी परतले. पुढच्या रविवारी फोन आला. "नमस्कार, बाई. तुझी शाळा कुठवर आली?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. मला हेच आवडतं असं त्यांनी धरलं होतं आणि लेकीचं मन राखत होते. मी तेव्हाच जयभीम म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी म्हणू. मग प्रबंधाचं प्रकरण पूर्ण करायचं होतं, मग ते दुरुस्त करायचं होतं. हिवाळाभर दर रविवारी ते नमस्कार म्हणत राहिले आणि मी "हं, बोला अण्णा" म्हणत राहिले.

मार्चमध्ये ते झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तीन दिवस माणसं येत होती, जयभीम करत होती. मी प्रत्येकाला जयभीम म्हणाले, ओळखीच्यांना आणि अनोळखी माणसांनाही. तिथे जीभ कुठेच अडली नाही.

प्रबंध आता छापून आला आहे. पहिल्या पानावर, त्यांच्या नावाच्या वर, मी जयभीम लिहिलं आहे. फोनमध्ये त्यांच्या आवाजातला शेवटचा निरोप आहे, तो दर रविवारी लावते. तो सुरू व्हायच्या आत घाईने म्हणते, "जयभीम, अण्णा."

"नमस्कार, बाई," ते म्हणतात. "शाळेचं ते प्रकरण झालं की पाठव. वाचायचंय."