दोर सैल सोडायचा नाही

मी जन्मायच्या आधीपासून आमच्या घरात पत्रकं होती. वडील कामगार संघटनेत होते. नाशिकमधल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत पत्रकांचे गठ्ठे असत. त्यांच्यावर अंथरूण टाकून मी झोपायचे. अक्षरं ओळखायला शिकले तीही त्यांच्यावरच. एकदा लिहिलेली ओळ कुणाच्या भीतीनं गाळायची नाही, हा घरातला नियम. गाळलेली ओळ मालकाच्या खिशात जाते, असं वडील म्हणत.

आई समुद्रकाठची. तिच्या गावात होडी वाळूवर ओढताना गात. एकजण ओळ टाकणार, बाकीचे 'ओढा रे हो' म्हणणार आणि त्या 'हो'वर सगळे मिळून दोर खेचणार. नाशिकला आल्यापासून ती हे गाणं फक्त कपाट सरकवताना म्हणायची.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. कॉलेज संपवून मी दर शनिवारी सिन्नरला जाऊ लागले. तिथल्या औद्योगिक वसाहतीमागे कामगारांची वस्ती होती. वस्तीतल्या शाळेत मी गाणी शिकवायचे. फुलपाखरांची गाणी मला शिकवायची नव्हती. मी आईचं गाणं घेतलं. एकाही मुलानं समुद्र पाहिला नव्हता. गंगापूरच्या धरणाएवढा असतो का, असं एकानं विचारलं, तर दुसरा म्हणाला, धरणाला कशाला लाटा येतील, येड्या.

मुलं प्रार्थनेसारखी हात जोडून, रांगेत उभी राहून गायची. गाणं जागचं हलेना. मग मी रस्सीखेचीचा दोर मागून घेतला, ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधला, टायरमध्ये दगड भरले आणि मैदानावर तो ओढायला लावला. त्या दिवशी 'हो' पहिल्यांदा एकत्र पडला.

ओळ टाकायला मी आठवीतली एक मुलगी निवडली. तिचा आवाज गोड नव्हता, पण मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. एका शनिवारी आईला सोबत नेलं. तिनं मुलांना एकच गोष्ट सांगितली. ओळ टाकणाऱ्याचा दम गेला, तो गप्प झाला, तरी ओढणाऱ्यांनी आपल्या ठोक्यावर 'हो' म्हणायचंच. थांबलात तर दोर सैल पडतो आणि होडी मागून ढकलणाऱ्यांच्या अंगावर येते.

गाण्यातल्या शेवटच्या ओळी अशा होत्या:

होडी शेठची, जाळं शेठचं — ओढा रे हो!
हात आमचे, शेठ कशाला — ओढा रे हो!

महिनाभरात ही शेवटची ओळ वस्तीभर झाली. नळावर, गल्लीत, सायकलवर, सगळीकडे तीच. मला फार अभिमान वाटायचा.

स्नेहसंमेलनाला शेजारच्या कारखान्याचे व्यवस्थापक पाहुणे म्हणून यायचे होते. आदल्या शनिवारी त्या मुलीचे वडील मला बसस्टॉपवर गाठायला आले. ते त्याच कारखान्यात हंगामी कामगार होते.

"ताई, मार्चमध्ये कायम करू म्हणून सांगितलंय. ती शेवटची ओळ माझ्या पोरीच्या तोंडून नको."

मी विचारलं, मग दुसऱ्या कुणाच्या पोराच्या तोंडून चालेल का?

"त्याचाबी बाप हंगामीच हाय," ते म्हणाले.

मी त्यांना पुष्कळ ऐकवलं. माणूस घाबरून एक ओळ सोडतो, मग पुढचं सगळंच सोडत जातो, असं काहीबाही. त्यांनी बस येईपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तालमीसाठी मी पुन्हा गेले; मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तेच सांगितलं. फक्त शेवटी मी म्हणाले की ओळ टाकणारी तू आहेस, तूच ठरव. तिनं मान हलवली. तिचं काय ठरलं ते मला कळलं नाही.

संमेलनाच्या दिवशी मुलांनी टायर स्टेजवर आणला. पाहुणे पहिल्या रांगेत होते, तिचे वडील मागे भिंतीला टेकून. गाणं उत्तम चाललं. 'होडी शेठची, जाळं शेठचं' तिनं खणखणीत टाकलं, टायर सरकला. पुढच्या ओळीला ती गप्प राहिली. तोंड मिटलेलं, नजर समोर. त्या ओळीएवढी जागा तशीच रिकामी गेली आणि मग सगळी मुलं ठोक्यावर ओरडली, "ओढा रे हो!"

टायर सरकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीतल्या माणसांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या रिकाम्या जागेत काय होतं ते त्यांना पाठ होतं. मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. ते खाली मान घालून उभे होते.

मार्च आला. कुणालाच कायम केलं नाही. उलट हंगामी कामगारांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं गेटवर सांगितलं.

ते सगळे गेटसमोर धरण्याला बसले. पहिल्या सकाळी मी पत्रकं घेऊन गेले तेव्हा ताडपत्री उभारायचं काम चाललं होतं. वारा होता, ताडपत्री पुनःपुन्हा खाली येत होती. दोर धरलेल्यांत सगळ्यांत पुढे तिचे वडील होते. मुलगी शाळेत होती.

त्यांनी हाताला दोराचा वेढा घेतला, पाय रोवले आणि गेटकडे तोंड करून त्यांच्या जाड, बेसूर आवाजात म्हणाले,

"हात आमचे, शेठ कशाला..."

मागच्यांनी दोर ओढला.