पत्रकावरचं सुवर्णपदक

पालकसभा दहाला होती आणि मी साडेनऊलाच जाऊन बसले होते. साखळीच्या बाजारात एका बेकरीच्या वर आमचा क्लास. जिना चढताना पावाचा गरम वास यायचा आणि एरवी मला तो आवडायचा. त्या रविवारी मी नाकाला रुमाल लावून वर गेले.

दहावीच्या नव्या तुकडीच्या पालकांसमोर आम्हा तिघा शिक्षकांना आपापली ओळख करून द्यायची होती. शिक्षण काय, अनुभव किती, शिकवण्याची पद्धत कोणती. क्लासच्या मालकांनी प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. मी घरी आरशासमोर चार वेळा बोलून बघितलं होतं आणि चारही वेळा एकाच ठिकाणी अडखळले होते.

प्रत्येक खुर्चीवर एक छापील पत्रक ठेवलं होतं. मी सहज उचललं. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं: गणित, एम. एस्सी., विद्यापीठाचं सुवर्णपदक.

मी बी. एस्सी. आहे. तेही दुसऱ्या वर्गात. आणि त्याच्याही आधी, बारावीला, मी गणितात नापास झाले होते. पहिल्या दोन गोष्टी मालकांना माहीत होत्या. तिसरी मी त्यांना कधीच सांगितली नव्हती.

पत्रक घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते माइकची वायर लावत होते.

“सर, हे पदक कुठलं? माझं एम. एस्सी.सुद्धा नाही.”

त्यांनी पत्रकाकडे बघितलंही नाही. “छापणाऱ्याने काहीतरी घोळ केला असेल. आता छापून झालंय. तुम्ही त्याच्याबद्दल बोलू नका म्हणजे झालं. विचारतंय कोण?”

लोक यायला लागले. खाणीच्या ऑफिसातले कारकून, दुकानदार, दोन-तीन शेतकरी, ड्यूटीवरून थेट आलेली एक नर्स. सगळ्यांनी पत्रकं उचलली आणि वाचली. मी खाली मान घालून बसले. त्यांच्यात माझ्या वर्गातलं कोणी असेल का, म्हणून चोरून चेहरे शोधत होते. माझं माहेर डिचोलीजवळ. शाळा, कॉलेज सगळं याच टापूत झालं. माझा निकाल माहीत असलेली माणसं कुठेही असू शकत होती.

आधी विज्ञानाचे सर उभे राहिले. ते आठवड्यातून तीन दिवस वास्कोहून दोन बस बदलून यायचे. ते म्हणाले, “मी एक गोष्ट सात वेळा समजावतो. आठव्यांदा विचारलंत तर पालकांना फोन.” लोक हसले. मग इंग्रजीच्या मॅडम. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना माइकही लागला नाही. मग मी.

मी शिक्षणाचा भाग गाळून सरळ पद्धतीवर आले. माझ्या वर्गात खोडरबर आणायचा नाही, हे सांगितलं. पेनाने लिहायचं, चुकलं तर एक बारीक रेघ मारायची आणि खालचं दिसत राहू द्यायचं. मुलं कुठे चुकली यापेक्षा कुठे घाबरली ते मला बघायचं असतं, असंही म्हणाले. हे सगळं खरं होतं. पण ते कुठून आलं, ते मी सांगितलं नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर मी बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. पानं उलटून बघितली. दोन मोठी गणितं मी पूर्ण बरोबर सोडवली होती, आणि नंतर दोन्हींवर मीच आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या. शेवटच्या अर्ध्या तासात मला वाटलं होतं की सगळंच चुकलंय. वडील तेव्हा खाणीवर ट्रक चालवायचे. त्यांनी ती पानं बराच वेळ बघितली आणि विचारलं, “बरोबर होतं तर काट का मारलीस?” मी पानं त्यांच्या हातून घेऊन घडी घातली. पुरवणी परीक्षेत पास झाले, पण त्या रेघा डोक्यातून गेल्या नाहीत.

माझं बोलणं संपल्यावर मालक उठले आणि हसत म्हणाले, “आमच्या टीचर फार साध्या आहेत. सुवर्णपदकाचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी.” टाळ्या वाजल्या. तेव्हा मला कळलं की छापणाऱ्याचा काही घोळ नव्हता.

मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. सभेनंतर त्या नर्सबाईंनी मला गाठून विचारलं, “कुठल्या वर्षीचं पदक?” मी म्हणाले, “झाली बरीच वर्षं.” त्या क्षणापासून ते खोटं माझं झालं.

पुढचे आठ महिने मी घाबरूनच काढले. बाजारात कोणी मागून हाक मारली की मी न वळता चालत राहायचे. क्लासचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात काहीही आलं तरी मी आधी माझं नाव शोधायचे. चवथीला, गणपतीसाठी माहेरी गेले असताना शाळेतली एक मैत्रीण आरतीला आली. ती म्हणाली, “तुझं पत्रक बघितलं हां फोनवर.” एवढंच. ती हसली का, कशी हसली, हे मी त्यानंतर कितीतरी दिवस आठवत राहिले.

वर्गात मात्र मला चांगलं शिकवता यायचं. मागच्या बाकावर एक मुलगी होती. तिचे आईवडील सिंधुदुर्गातून येऊन साखळीबाहेरच्या एका वाड्यावर, छोट्या वस्तीत, राहिलेले. वडील मालवाहू ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. मुलगी हुशार होती, पण घाबरट. उत्तर बरोबर आलं तरी वही हाताखाली झाकायची. तिच्याकडे बघितलं की मला माझेच हात दिसायचे. मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, एकेक पायरी म्हणून घ्यायचे. एकदा ती हळूच म्हणाली होती, “टीचर, तुम्हाला हे सगळं जन्मापासूनच येत असेल ना?” मी हसून विषय बदलला. ते हसणं मला आजही लागतं.

बोर्डाच्या परीक्षेला महिना उरला असताना क्लासची सराव परीक्षा झाली. शनिवारी सकाळी मालकांनी सगळ्या मुलांचे गुण, नावांसकट, पालकांच्या ग्रुपवर टाकले. त्या मुलीला गणितात ऐंशीपैकी चौदा होते. सगळ्यात शेवटची ओळ तिची होती. मी वाचलं, वाईट वाटलं, आणि स्वयंपाकाला लागले.

बाराच्या सुमारास तिच्या आईचा फोन आला.

“टीचर, आमची पोर तुमच्याकडे इली काय?”

“नाही. का?”

“सकाळी घरातसून भायर पडली. क्लासात नाय, मैत्रिणींकडे नाय. फोन घरातच ठेवून गेली. माका काय सुधरणा नाय.”

मी गॅस बंद केला आणि स्कूटर काढली. वाड्याच्या तोंडाशीच तिची आई उभी होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ती मागे बसली. आम्ही शाळा बघितली, देऊळ बघितलं, नदीवरचा बंधारा बघितला. मग ती एकदम माझ्या खांद्याला धरून म्हणाली, “खाणीर बघूया. पोरां थंय जातत फोटो काढूक.”

ती खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. खोल खड्ड्यात पाणी साठून त्याचं तळं झालेलं, हिरवंगार, हलतसुद्धा नव्हतं. तारेचं कुंपण एका ठिकाणी वाकलेलं होतं. तिथून आम्ही आत गेलो. लाल मातीत पाय घसरत होते. तिची आई हाका मारत होती आणि समोरच्या कड्यावर आपटून तेच नाव परत येत होतं. मी तिच्या मागून एकेक झुडूप बघत चालले होते.

काठापासून दहा पावलांवर, एका झुडपाखाली निळी पिशवी दिसली. मुलीची क्लासची पिशवी निळी होती. आईने ती बघितली नव्हती. मी बघितली आणि तिथेच उभी राहिले. पुढे जाऊन ती उचलायची हिंमत माझ्यात नव्हती. डोक्यात फक्त गुणांच्या यादीतली ती शेवटची ओळ होती, आणि तिच्यावर कुठेतरी माझं पदक.

“कोण जाय?” कोण हवंय, असं विचारणारा आवाज मागून आला. पाठोपाठ एक म्हातारा राखणदार झुडपांतून वर आला. तो त्या पिशवीजवळ गेला, वाकला आणि तिच्यातून आपला जेवणाचा डबा काढला. सकाळपासून इथे कोणी फिरकलं नाही, तो म्हणाला. मी मातीतच खाली बसले. तिची आई मला उठवायला लागली. तिला वाटलं, मला ऊन लागलं.

पोलिसांत जायचं ठरवून आम्ही रस्त्यावर आलो, तेवढ्यात तिच्या आईचा फोन वाजला. धारगळहून आईची बहीण, मुलीची मावशी, बोलत होती. हमरस्त्याच्या कडेला तिचा भाजीचा गाडा होता. दुपारी ती घरी जेवायला गेली तर भाची बलकांवावर, दाराबाहेरच्या बाकावर, एकटीच बसलेली. कुलूप बघून तीन तास ती तशीच बसून होती.

“हय आसा ती. जेवता,” बहीण म्हणाली. आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

आम्ही तशाच धारगळला निघालो. पोर सुखरूप आहे हे कळूनही माझी भीती कमी झाली नव्हती. आता ती दुसऱ्या कारणाची होती. स्कूटर चालवताना मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते.

मुलगी आत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. आईने आधी तिला जवळ ओढलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा जवळ ओढलं. मी दारातच थांबले. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

“टीचर, तुम्ही कशाला आलात?”

“तुला शोधायला.”

“मला काही येत नाही. तुम्ही एवढं शिकवलंत तरी चौदा. तुम्हाला पदक मिळालेलं. तुम्हाला नाही कळायचं.”

मी तिच्यासमोर बसले. तिची आई आणि मावशी, दोघी बघत होत्या. त्यांच्यासमोर नको, हिला नंतर एकटीला सांगू, असं एकदा मनात येऊन गेलं. पण नंतर मी सांगितलं नसतं, हे मला माहीत होतं.

“मला पदक मिळालेलं नाही,” मी म्हणाले. “मी बारावीला गणितात नापास झाले होते. बरोबर गणितांवर मी स्वतः काट मारली होती, भीतीने. ते पत्रकात लिहिलंय ते खोटं आहे आणि मी गप्प बसले.”

बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. “किती मिळाले होते?” तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने ताटातला भात पुन्हा कालवायला घेतला.

तिची आई मात्र बदलली होती. “मगे त्या कागदार लिवलेला ता काय?” तिने विचारलं. “आमी ता वाचून पोरीक तुमच्याकडे घातली.”

“माझी चूक झाली,” मी म्हणाले. याहून दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. परत येताना मायलेकी बसने आल्या. माझ्या स्कूटरवर कोणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. चार ओळी लिहायला दोन तास लागले. मालकांचा फोन लगेच आला. त्यांनी आवाज चढवला नाही. “सोमवारपासून येऊ नका,” एवढंच म्हणाले. तासाभरात ग्रुपवरून मला काढलं गेलं. नर्सबाईंनी मात्र वेगळा मेसेज पाठवला: तुम्ही मला तोंडावर खोटं बोललात. मी त्याला उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी फक्त “हो” एवढंच पाठवलं.

सहा दिवसांनी, दुपारी, दारात ती मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. आई आत आली नाही. “ती दुसऱ्या कोणाकडे बसणा नाय,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “परीक्षा होयसर शिकवा. मगे बघू.”

तीन आठवडे मुलगी रोज आली. आई रोज सोडायला आणि न्यायला आली आणि रोज फाटकाबाहेर उभी राहिली. मी पाणी विचारायचे, ती नको म्हणायची. गणिताच्या पेपरच्या दिवशी मी घरातली सगळी कामं दोनदा केली. मुलगी पास झाली. काठावर नाही, थोडी वर. अकरावीला तिने वाणिज्य शाखा घेतली आणि गणित नको म्हणून सांख्यिकी टाळून सेक्रेटेरियल प्रॅक्टिस हा विषय घेतला. मला जरा वाईट वाटलं, पण मी काही बोलले नाही.

आता मी घरीच शिकवते, सातआठ मुलं असतात. नवीन पालक आले की बारावीचं आधी सांगते. काही जण चहा पिऊन जातात आणि परत येत नाहीत. जे राहतात त्यांच्यापुढेही पहिले काही दिवस माझा आवाज थोडा कापतो. परवा बाजारात त्या मुलीची आई दिसली. मासळीच्या टोपल्यांपुढे माझ्या शेजारीच उभी होती. मी घाबरत घाबरत विचारलं, “कशी आहे ती?”

“बरी आसा,” ती म्हणाली. मग बांगडे उलटेपालटे करून बघताना, माझ्याकडे न बघताच म्हणाली, “हे घेव नका. कालचे आसत.”