आबांच्या हातचा फेस

मला कॉफी आवडत नाही. तरीही आमच्या घरात कॉफीचं मशीन आहे, आणि ते मीच हौसेने आणलेलं आहे.

झालं असं, की धुळ्याला मेहुण्याकडे, म्हणजे प्रमोदकडे, वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर प्रमोदने कपात कॉफीची पूड आणि साखर घेऊन ती चमच्याने अर्धा तास घोटली, वर दूध ओतलं, फेस आणला आणि भरल्या घरात मला विचारलं, "काय दाजी, मिळते का जळगावात अशी?"

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली. कुठे गप्प बसायचं हे ऑफिसात मला बरोबर कळायचं, सासुरवाडीला कळत नाही. मी म्हणालो, "ही कॉफी नाही, हा दंडाचा व्यायाम आहे. खरा फेस वाफेने येतो. पंधरा दिवसांनी सगळे जळगावला या, करून दाखवतो."

परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत माझी बायको सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला येतं का ते?"

"त्यात काय यायचंय? वाफ तर असते."

मशीन आलं. (वर्षातून एकदा होळीला फिरणारं पुरणयंत्र जिथे तीस वर्षं उभं होतं, बरोबर त्याच जागी ते बसवलं. तेव्हाच शकुन ओळखायला हवा होता.) आमच्या माळ्यावर माझी एक व्यायामाची सायकल, एक पोळ्यांचं यंत्र आणि एक पाय दाबायचं यंत्र आधीपासून विश्रांती घेत आहेत. सुनंदाने आधी माळ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. म्हणाली, "प्रमोदसमोर जमलं तर राहील ओट्यावर. नाही जमलं तर हेही वर. आणि याच्यानंतर या घरात कुठलंही मशीन मी आणेन, तुम्ही नाही."

म्हणजे प्रश्न आता कॉफीचा राहिला नव्हता.

मी अभ्यासाला बसलो. मोबाइलवर एक गृहस्थ हिंदीत शिकवायचे. दूध कच्चं घ्या, फ्रिजमधलं गार घ्या, भांडं अर्ध्यापर्यंतच भरा, वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या अगदी वरच्या थरात ठेवा. मला जरा कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवायचो. समोरच्या दिवाणावर आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. पाचोऱ्याकडचं गाव आणि दावणीच्या म्हशी सोडून आबा-आई आमच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली, आणि इथे करण्यासारखं काही नसल्यामुळे आबा पडून राहतात. त्यांना झोप लागली असेल असं मी समजायचो.

पहिल्या दिवशी फ्रिज उघडला तर दूध तापवलेलं, वर बोटभर साय. आईला विचारलं.

"कच्चं दूध घरमा ठेवतस का कोनी?" आई म्हणाली. "नासी जाई ना."

दुसऱ्या दिवशी मी वेगळी पिशवी आणून फ्रिजच्या दारात ठेवली. आईने तापवली. तिसऱ्या दिवशी बाटलीत भरून भाजीच्या कप्प्यात, पालकाच्या जुडीखाली लपवली. तासाभराने आई सुनंदाला सांगत होती, "पालकमा दूध दपाडेल व्हतं वं कोनी तरी. बरं मी दखं. लगेच तापाडी टाकं." चोराला पकडल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

मग मी तापवलेलंच दूध गाळून घ्यायला लागलो. साय गाळली तरी तिचे बारीक कण राहायचेच, आणि ते नळीच्या तोंडाला चिकटून बसायचे. फेस यायचा, पण कपडे भिजवलेल्या बादलीत येतो तसा. शिवाय एक दोष माझ्या रक्तातच होता. आमच्याकडे दूध वर आल्याशिवाय गॅस बंद करत नाहीत. त्यामुळे हाताला चटका बसला तरी मी वाफ चालू ठेवून दूध वर यायची वाट बघायचो. ते यायचं. पार ओट्याखाली जायचं.

रविवार उजाडला. प्रमोद, त्याची बायको आणि दोन मुलं सकाळीच हजर. त्या दिवशी मी दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवली होती. (गार राहत नाही हे मान्य. पण आईच्या हाती तर लागणार नाही.) नेमकं आईने पाहुण्यांसाठी टॉवेल काढायला कपाट उघडलं.

"चला दाजी, होऊन जाऊ द्या," प्रमोद ओट्याजवळ येऊन उभा राहिला.

घरात कच्च्या दुधाचा थेंब नव्हता. मी तापवलेलंच घेतलं आणि वाफ सोडली. नळी नुसती घुसमटली. साय अडकली असणार. मी चावी पुरी फिरवली. तरी काही नाही. प्रमोद नीट बघायला खाली वाकला, आणि तेवढ्यात साय सुटली. दूध छताला लागलं, पंख्याला लागलं, आणि उरलेलं सगळं प्रमोदच्या नव्या शर्टावर बसलं.

सुनंदा माळ्याची शिडी बघायला गेली.

तेव्हा दिवाण कुरकुरला. आबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले होते.

"बाजूले हो," ते मला म्हणाले. "आठ दिनथून तो मोबाइलवाला बोंबली ऱ्हायना, कच्चं ल्या, थंडं ल्या. बठ्ठी गल्लीनी आयकं, तू सोडीसन. जाय, गोठावरथून दूध ली ये. येतायेता बरफ बी आन."

मी स्कूटर काढली. कॉलनीमागच्या गोठ्यावरून म्हशीचं दूध आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला. आबांनी दुधाची किटली बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि आईला समोर बसवून राखण करायला लावली. (आईने किटलीकडे असं पाहिलं, जसं उपाशी लेकराकडे पाहावं.) मग त्यांनी भांडं अर्धं भरलं, नळीतून एकदा नुसती वाफ सोडून ती पुसली आणि टोक दुधाला जेमतेम टेकवलं.

"आवाज आयक," मला म्हणाले. "धार काढतस तव्हय रिकामी बादलीमा पहिली धार चर्र वाजस. फेस चढना का आवाज मऊ व्हस."

चर्र आवाज आला. मग आबांनी नळी थोडी खोल नेली, भांडं किंचित कलतं केलं, आणि आवाज खरोखरच मऊ झाला. दूध गोल फिरायला लागलं. आबांनी तळहात भांड्याला लावून ठेवला होता. पन्नास वर्षं धारा काढलेला हात तो, आता पहिल्यांदाच जळगावात कामाला लागला होता.

"पोळनं. बस," म्हणाले आणि चावी बंद केली. भांडं ओट्यावर एकदा आपटलं, गोल हलवलं आणि कॉफीवर ओतलं. एकही बुडबुडा नव्हता. नव्या ऑइलपेंटसारखं चकचकीत, दाट, गुळगुळीत दूध कपाच्या काठापर्यंत आलं आणि थांबलं.

प्रमोदने घोट घेतला. त्याच्या मिशीला पांढरी कड आली. त्याने कप रिकामा केला आणि परत पुढे धरला. त्यानंतर आबांनी सात कप केले. दोन वर्षांत मी त्यांना इतका वेळ उभं पाहिलं नव्हतं. माझी छाती अशी फुगली, की जणू म्हैस मीच होतो.

शेवटचा कप आईपुढे आला. तिने तो तोंडापर्यंत नेला आणि थांबली. "पन दूध तापाडेल शे ना?"

"माय, मशीनच तापाडस ते. वाफवर," मी म्हणालो.

आईने कप खाली ठेवला. "हाई मशीन दूध तापाडस?"

"हो."

"मंग आठ दिन माले सांगं काब्र नही?"

आठ दिवसांत मी हे मशीन शेजाऱ्यांना समजावलं होतं, पेपरवाल्याला समजावलं होतं. घरात जी दूध तापवते, तिला सोडून सगळ्यांना.

मशीन ओट्यावरच राहिलं. आबा आता पहाटे उठून ते चालू करतात आणि कॉलनीतली चार म्हातारी माणसं कप घेऊन येतात. मला नळी पुसायचं काम मिळालं आहे. गेल्या आठवड्यात धुळ्याहून प्रमोदचा फोन आला. त्यानेही तेच मशीन घेतलंय.

"दाजी, रविवारी आबांना आणता का शिकवायला?"

"आणतो की," मी ऐटीत म्हणालो. "मी पण दाखवेन थोडं."

प्रमोद म्हणाला, "तुम्ही गाडी चालवा, दाजी. आमचा पंखा नवीन आहे."