खुबा वळेल तितकाच

खामगावात बॅले शिकवतात असं बाहेरगावी सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे पाहतो आणि पावसापाण्याचं विचारतो. त्याचा दोष नाही. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात हा क्लास चालतो. दारावर दारापेक्षा मोठा फलक आहे. त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे, इंटरनेटवरून उतरवलेली एक परदेशी नर्तिका आहे आणि तिच्या टाचेखाली नगरसेवकाच्या शुभेच्छा आहेत. माझी भाची तिथे शिकायची.

तिला बारावीनंतर पुण्याला नृत्याच्या शिक्षणासाठी जायचं होतं. त्यासाठी उन्हाळ्यात निवड चाचणी होती. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, या बेताला नाही म्हणत नव्हती आणि होही म्हणत नव्हती. आमच्याकडे याला विचार चालू आहे असं म्हणतात.

क्लासच्या सरांनी मुंबईत काही कार्यशाळा केल्या होत्या आणि तिथे जे दिसलं ते ते मनापासून शिकवत. दिसलं होतं ते मुख्यतः पाय. बॅलेत पहिल्याच उभं राहण्यात टाचा जुळवायच्या आणि चवडे दोन बाजूंना वळवायचे असतात. सरांनी पाहिलेल्या नर्तकांचे पाय एका सरळ रेषेत येत, म्हणून त्यांनी फरशीचा सांधा दाखवून मुलींना सांगितलं, यावर पाय बसले पाहिजेत. मुलींचे पाय बसत नव्हते, घसरून पुढे येत.

उपाय खामगावचाच निघाला. इथल्या चांदीच्या बाजारात कारागीर नक्षी कोरण्याआधी भांडं राळेत पक्कं बसवतात, म्हणजे छिन्नीखाली ते हलत नाही. एका कारागिराच्या मुलीने घरून राळेचा खडा आणला. त्याची पूड करून मुली ती तळव्यांना चोळू लागल्या. परदेशातही नर्तक पाय घसरू नये म्हणून राळ वापरतात, त्यामुळे सरांना ती शास्त्रशुद्धच वाटली. इथे मात्र तिचा उपयोग निराळा झाला. मुली गुडघे वाकवत, पाय हवे तेवढे उघडून फरशीला चिकटवत आणि मग गुडघे सरळ करत. पाय जागचे हलत नसत. सगळा पीळ गुडघ्यात जाई. चांदीच्या भांड्याला गुडघे नसतात, एवढी एक गोष्ट राहून गेली होती.

भाचीचा उजवा गुडघा आतल्या बाजूने सुजला. तिने ते लपवलं. पण ती जिना एका अंगाने, तिरकी होऊन उतरते हे बहिणीच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर क्लास बंद आणि पुणंही बंद, असं बहिणीने जाहीर केलं. “नाच गेला तं जाऊ दे. गुडघा दुसरा भेटत नाई,” एवढंच ती बोलली. निवृत्त आणि रिकामा असल्यामुळे सोबत मला पाठवलं.

बसस्टँडजवळ एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा दवाखाना आहे. मेहकरकडच्या एका खेड्यातल्या, नागपूरला शिकून परत आलेल्या. त्यांच्याकडे निंदणाने धरलेल्या कमरा येतात, ट्रक ड्रायव्हरांच्या पाठी येतात, शेगावला पायी जाऊन आलेल्यांच्या पोटऱ्या येतात. बॅले पहिल्यांदाच येत होता. त्या सरळ म्हणाल्या, मी हा प्रकार कधी पाहिलेला नाही, तू करून दाखव. एवढं शिकलेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी फार वर्षांनी ऐकलं.

भाची उभी राहिली. शेजारच्या खाटेवर गुडघा शेकत बसलेली एक म्हातारी म्हणाली, “माय वो, पोरगी बदकावानी काऊन उभी राह्यली?”

बाईंनी पायांकडे पाहिलंच नाही. त्या गुडघ्याच्या वाट्या पाहत होत्या. पाय दोन दिशांना आणि वाट्या मात्र समोर बघत होत्या. मग तिला आडवी झोपवून त्यांनी तिचा पाय धरला आणि मांडी हळूहळू बाहेर वळवली. एका जागी ती थांबली.

“इथवर तुझं हाड येतं,” त्या म्हणाल्या. “यापुढे हाड येत नाही. तू एकटी जातेस.”

वळणं गुडघ्याचं काम नाही, खुब्याचं आहे. खुब्याची खोबण प्रत्येकाची निराळी आणि ती कष्टाने बदलत नाही. पण भाची आपल्या वाट्याचं वळणही पुरतं वापरत नव्हती. मांडी बाहेर वळवणारे आतले स्नायू निजले होते, कारण त्यांचं काम राळ करत होती. बाईंनी नाच बंद केला नाही, पथ्य सांगितलं: राळ धुऊन टाकायची, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं राहायचं आणि पाय थांबतील तिथे थांबू द्यायचे. फरशी धरता येत नसली की खुब्यालाच धरावं लागतं.

पाय थांबले ते अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे. भाची घरी येऊन रडली. सर म्हणाले, एवढ्याशा उघडण्यावर पुण्यात दारातूनच परत पाठवतील. मला तेव्हा त्यांचंच खरं वाटत होतं. बाकीच्या मुली सरळ रेषेत उभ्या असताना तिने कमी उघडून उभं राहायचं ठरवलं, हे त्या वयात सोपं नाही. नंतरच्या वयातही मी ते फारसं पाहिलेलं नाही.

उन्हाळा येईपर्यंत ती कुशीवर पडून गुडघा उघडत-मिटत राहिली. आपल्या मांडीच्या हाडाबद्दल ती शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलू लागली. एकदा मला उभं करून तिने माझाही खुबा तपासला आणि म्हणाली, “मामा, तुमचं तं शटरच खाली हाय.”

आधी ती माडीवर उडी मारायची तेव्हा खाली मांडणीतली भांडी वाजत. आता ती कधी उतरली ते कळत नसे. मांडी खोबणीत नीट वळू लागली तसा पाय बाजूला पूर्वीपेक्षा उंच जाऊ लागला, आणि कंबर तिरकी होईना. सूज गेली.

सर एकदा घरी येऊन हे पाहून गेले. मी त्यांच्यावर हसायची तयारी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते क्लासमध्ये सगळ्या मुलींसमोर फरशीवर आडवे पडले आणि स्वतःचा खुबा चाचपू लागले. फलक तसाच राहिला, पण मुली मोज्यांवर आल्या. माझी तयारी वाया गेली.

पुण्याला आम्ही तिघं गेलो. हॉलबाहेर मुली अंग ताणत उभ्या होत्या. कित्येकींचे पाय फरशीच्या सांध्यासारखे सरळ. बहीण ते बघत होती आणि मी बहिणीला बघत होतो.

आत काय झालं ते भाचीने नंतर सांगितलं. परीक्षक बाईंनी विचारलं, अजून उघडतील का? ती नाही म्हणाली. का, असं विचारल्यावर तिने खुब्यावर हात ठेवून सांगितलं, माझा इथवरच वळतो, पण तेवढा पूर्ण वळतो. बाईंनी तिला सावकाश गुडघे वाकवून उठायला लावलं, पुन्हा एकदा लावलं, आणि मग उड्या मारायला सांगितल्या.

संध्याकाळी कळलं की तिला घेतलं.

मी अभिनंदनाचं काहीतरी बोलणार होतो. बहिणीने हाताने थांबवलं.

“गुडघा?” तिने विचारलं.

“नाई दुखला.”

“उड्या मारल्यावर?”

“तेव्हाही नाई.”

बहीण खाली वाकली, भाचीच्या दोन्ही गुडघ्यांवरून तिने हात फिरवला, उजव्यावर जरा जास्त वेळ. मग पर्स उचलत म्हणाली, “मंग राहाले जागा पाहून घेऊ. गाडीले टाइम हाय.”